बघेपर्यंत गेलेला क्लोरीन

नाही, पण मला एक सांगा, ज्याला या जगात राहायचंच नाही त्याच्यामागे माणसानं किती धावायचं? सहा वर्षं झाली हो! सहा वर्षं पीएचडीच्या नावाखाली मी एका क्लोरीनच्या मागे लागलोय... पोहायच्या तलावात टाकतात तो नव्हे, तो बिचारा सज्जन! माझा हा सुटा, एकटा अणू, दिसेल त्याच्या अंगावर धावून जाणारा. मीठ घातलेल्या पाण्यात लेझरचा झटका मारला की जन्मतो, आणि तुम्हाला सांगतो, एका सेकंदाचे दहा लाख तुकडे करा, त्यातले जेमतेम पाच तुकडे जगतो. बघेपर्यंत गेला!

आता काम काय, तर सांडपाण्यात गोळ्या-औषधांचा अंश उरतो, तो हा किती झपाट्यानं फस्त करतो ते मोजायचं. आधी नुसत्या पाण्यात किती जगतो ते बघा, मग औषध घालून किती लवकर जातो ते बघा, की झाला आकडा! लेझर माझ्या ताब्यात सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत. आकडा मिळाला तर प्रबंध, नाही मिळाला तर पुढची पाळी थेट वर्षानं. बायकोनं तर सोमवारी दारातच बजावलं, "या वेळी हात हलवत आलास तर बघ!"

सोमवारी नुसतं मिठाचं पाणी. मारला झटका, आणि हा पठ्ठ्या पाचऐवजी एकाच तुकड्यात खलास! अरे, पाण्यात औषध नाही, काही नाही, मग तू गेलास कुणामुळे? मंगळवारी पाणी बदललं... गेला. बुधवारी मीठ बदललं... गेला. गुरुवारी मी लेझरला शिव्या घातल्या. आमचे सर चष्मा कपाळावर चढवून, मान हलवत, "पाण्यात काहीतरी आहे बरं का... काहीतरी आहे!" अहो सर, काहीतरी आहे हे मलाही कळतंय, पण काय? बघेपर्यंत गेला!

शुक्रवारी चार वाजता मी डोकं धरून बसलोय, तर काचसामान धुणाऱ्या मावशी आल्या. नाकाला पदर लावून म्हणतात, "दादा, मी एवढी घासूनपुसून तुमच्या लेझरची काचेची कुपी ठेवते, आणि तुम्ही त्यात परत स्पिरिट का ओतता? नाकाला झोंबतं मेलं!"

मी तोऱ्यात म्हणालो, "मावशी, स्वच्छता! कुपी लवकर वाळते."

"मग ती पाटी तुम्हीच लावलीत होय?"

भिंतीवर कागदाची पाटी. माझ्या अक्षरात. 'कुपी प्रत्येक वेळी स्पिरिटने विसळावी. हुकुमावरून.' आणि मी कपाळावर हात मारून घेतला! स्पिरिट म्हणजे या क्लोरीनचा जीव की प्राण, एक थेंब मागे राहिला तरी हा त्याच्यावर तुटून पडणार! म्हणजे पाच दिवस मी रोज त्याला स्वतःच्या हातानं जेवायला वाढत होतो, आणि वर विचारत होतो, बाबा रे, तू थांबत का नाहीस?

पाटी फाडली! मावशींनी कुपी नुसत्या पाण्यानं दहादा विसळली, मी झटका मारला, आणि... पाच तुकडे! जगला हो, पुरते पाच तुकडे जगला! मी मावशींचे पाय धरायला वाकलो, त्या "अहो, कुपी फुटेल!" म्हणून ओरडल्या. मी औषधाची बाटली उघडतोय तोच दारात पुढच्या पाळीची बाई, हातात खोकं. "पाच वाजले."

"बाई, दोनच मिनिटं!"

"मी वर्षभर थांबलेय," म्हणाली, आणि माझी कुपी उचलून माझ्याच हातात दिली.

बायकोला फोन केला. "मिळाला?"

"नुसत्या पाण्यातला मिळाला गं! पाच तुकडे जगला!"

"आणि औषधातला?"

"त्याला... अजून एक वर्ष."

ती म्हणाली, "तो बघ, पाच तुकड्यांत जन्मला, भिडला, मोकळा झाला. तुला काय धाड भरलीय रे? सहा वर्षं झाली!"

आता काय सांगू तिला... सहा वर्षं? बघेपर्यंत गेली!