चावडीतली बाज

त्या बाजेवरच्या म्हातारबांचं तुम्हाला सांगितलं का? आखाडा बाळापूरच्या पलीकडं एका गावात जुनी दगडी चावडी मजबूत करायचं काम माझ्याकडं होतं. भिंतीवर जाळी बसवायची, वरून बारीक धागे मिसळलेला गिलावा द्यायचा, म्हणजे भूकंपात दगड सुटत नाहीत. एक भिंत झाली, आणि दुपारी जमीन गुरगुरली.

मी दाराकडं पळालो. दारातच शेजारच्या कौसाबाई आडव्या आल्या. मागं त्यांची दोन पोरं, हातात बाज, आणि बाजेवर त्यांचे मालक, पाय मोडलेले म्हातारबा.

"मावशी, मोकळ्यात चला!"

"काहून? तुमीच म्हणले ना, भिंत पडत न्हाई?"

"एकच झाली! तीन बाकी हायेत!"

म्हातारबा बाजेवरून ओरडले, "मंग मला त्या एकीला टेकवा!"

ना मी बाहेर, ना बाज आत. तेवढ्यात धक्का थांबलासुद्धा. तरी म्हातारबा त्या भिंतीला टेकलेच, आणि चावडीतून हलेनात. उरलेल्या तिन्ही भिंती आम्ही त्यांची बाज इकडं-तिकडं सरकवत केल्या.

काम संपल्यावर म्हटलं, "बाबा, आता तरी घरी जा."

"जातो. आधी तुमी इथं एक झोप काढून दाखवा."

पोरांनी त्यांना उचलून खुर्चीवर बसवलं. त्यांचा भरवसा बसावा म्हणून मी बाजेवर आडवा झालो, तर खरंच डोळा लागला. उठून बघतो तर म्हातारबा बाहेर लिंबाखाली, मोकळ्यात, खुर्चीवर.

"बाबा, बाहेर काहून?"

"झोपा, झोपा साहेब. हलली तर हाक मारतो."