हत्यारांची पेटी विकणे आहे

बायको – हे काय लावून ठेवलंय सगळ्यांना?

नवरा – कशाला?

बायको – कशाला म्हणे. सकाळपासून एकेक हत्यार पुसून पलंगभर मांडलं मी. आंघोळ करून येते तर निम्म्यांच्या गळ्यात लाल टॅग.

नवरा – ज्यांच्यात खोट आहे त्यांना लाल. बाकीच्यांना हिरवे लावलेत, तेही बघ की जरा.

बायको – अहो, विकायचीत ती. विकायच्या मालावर कुणी स्वतःच्या हाताने ‘वापरू नये’ असं लिहून ठेवतं का? कांदेवालासुद्धा सडका कांदा तळाला घालतो.

नवरा – त्याचा कांदा आकाशातून पडत नाही.

बायको – झालं. मिक्सरला लाल टॅग, न्हाणीघराच्या कडीला लाल टॅग. परवा माझ्या चपलेला लावलात. मी तशीच बाजारात गेले, आणि टाचेशी टॅग फडफडतोय हे भाजीवालीने सांगितलं मला.

नवरा – अंगठा सुटत आला होता तिचा.

बायको – तर तोंडाने सांगा ना. बोलता येतं तुम्हाला.

नवरा – तोंडाने सांगितलेलं माणूस विसरतो. टॅग विसरत नाही.

बायको – सोमवारी माझ्या भावाच्या खुर्च्यांच्या शोरूमला कामावर जायचंय तुम्हाला, हे तरी आठवतंय ना? की त्याचा टॅग लावू? ‘पेटी डोळ्यांसमोर असली तर मी खुर्च्यांत रमणार नाही, विकून टाक,’ हे कोण म्हणालं होतं?

नवरा – मीच.

बायको – मग विकू द्या की. तो दातांचा डॉक्टर एवढा हौसेनं आला, लांब चोचीचे चिमटे हवेत म्हणाला...

नवरा – इंजिनाच्या पोटात गेलेले चिमटे आहेत ते. माणसाच्या तोंडात घालू नका, एवढंच म्हणालो.

बायको – ती केकवाली आली, क्रीम सारखं करायला त्या सपाट पट्ट्या मागत होती.

नवरा – तेलाच्या टाकीचा लेप लावायच्या पट्ट्या आहेत त्या. तिच्या केकचा तुकडा खाऊन लोक आडवे झाले असते.

बायको – तिला अर्धा तास विष म्हणजे काय ते समजावून सांगितलंत. रडत गेली बिचारी.

नवरा – आणि तू जाहिरात काय दिलीस ते सांग ना. ‘विमानाची हत्यारं विकणे आहे, घरी येऊन बघावे.’ सगळ्यात आधी पोलीस आले बघायला.

बायको – आले तर आले. चहा पिऊन गेले, आणि त्यांच्या जीपचा दरवाजा लागत नव्हता तो तुम्ही फुकटात नीट करून दिलात. त्यातही तोटा आपलाच. आता ही जी येतेय ना फोनवाली, तिच्यासमोर तोंड उघडायचं नाही. विचारलं तर मान हलवायची. उभी.

नवरा – खोटी?

बायको – उभी.

(दारावरची घंटा वाजते. नवरा शर्टाची बटणं लावतो, बायको हाताला लागतील तेवढे टॅग ओढून पदराखाली घेते.)

वैमानिक – नमस्कार. हत्यारांसाठी मीच फोन केला होता. काका, तुम्हीच का मेकॅनिक?

बायको – या या, ताई. हो, हेच. बसा ना. नको नको, तिथं नको, त्या खुर्चीवर नको...

वैमानिक – अरे बापरे.

नवरा – हलू नका. तसंच पडून राहा. उजव्या हाताला दांडा आहे, तो वर ओढा. सावकाश. हां, आता पाय खाली येतील.

वैमानिक – ही खुर्ची आपोआप आडवी होते?

नवरा – मनाला येईल तेव्हा होते. लाल टॅग होता तिला. कुणीतरी आत्ताच काढलेला दिसतोय.

बायको – माझ्या भावाच्या शोरूमची आहे, ताई. भेट दिलीय त्यानं. यांना तिथंच नोकरी लागलीय सोमवारपासून.

वैमानिक – खुर्च्या दुरुस्त करायची?

नवरा – नाही. ज्यांच्या खुर्च्या करकरतात त्यांच्या घरी जायचं, आणि करकरणं हे चांगल्या लाकडाचं लक्षण आहे असं सांगायचं.

बायको – मुद्दाम वाकडं सांगताय. गिऱ्हाइकांची समजूत काढायची, असं म्हणाला तो. ताई, तुम्ही या स्टुलावर बसा. हे बघा, सगळा माल एकाच हाताखालचा आहे. ही पेटी बघा. प्रत्येक पान्याच्या मापाचा खळगा कापलाय फोममध्ये.

वैमानिक – किती सुंदर ठेवलंय. हे कशासाठी?

बायको – ते... तुम्ही सांगा ना. म्हणजे मान हलवा.

नवरा – खळगे ना? काम संपलं की प्रत्येक हत्यार आपापल्या खळग्यात गेलं पाहिजे. एक खळगा जरी रिकामा दिसला तरी विमान हलवायचं नाही. ते हत्यार विमानात राहिलं असेल असं धरायचं आणि सापडेपर्यंत शोधायचं. मग विमानात कोणीही बसलेलं असो.

वैमानिक – आमचा मेकॅनिक सगळं एका गोणीत ठेवायचा.

नवरा – गोणीत.

वैमानिक – हो. गेल्या आठवड्यात सोडून गेला, आणि जाताना गोणी घेऊन गेला. म्हणून तर धावत आलेय. विमान टेकूंवर उभं आहे, एक चाक काढलेलं, आणि हँगरमध्ये साधा स्क्रू-ड्रायव्हर नाही.

नवरा – पेटी मेकॅनिकचीच असते. माणूस गेला की ती जाते. कोणतं विमान?

वैमानिक – छोटंसं आहे, फवारणीचं. शेतांवर औषध मारतो आम्ही. विमान माझंच, चालवतेही मीच. हा मोठा पाना घेऊ का? हा सुरेख आहे.

नवरा – तो नका घेऊ.

बायको – घ्या हो ताई. छान आहे तो.

नवरा – बोल्ट किती जोरानं आवळला ते दाखवणारा पाना आहे. तपासणीची मुदत संपलीय त्याची. तो जेवढं सांगेल तेवढं खरं असेलच असं नाही.

वैमानिक – आणि ही पकड?

नवरा – हिनं तार पिळतात, बोल्ट सुटू नये म्हणून. जबडा झिजलाय. तार मध्येच कापते.

बायको – ताई, मला एक सांगा, तुमच्या घरी असा कोणी आहे का? दुकानात उभं राहून स्वतःच्याच मालाची चुगली करणारा?

वैमानिक – आमच्याकडे उलटे आहेत सगळे.

नवरा – विमान कोण जोडणार आता?

वैमानिक – मावसभाऊ आहे माझा. हात चांगला आहे त्याचा. स्कूटर दुरुस्त करतो.

नवरा – स्कूटर.

वैमानिक – काका, तुम्ही एकेक शब्द असा उच्चारता ना, की मला कोर्टात उभं असल्यासारखं वाटतं. ब्रेकचंच तर काम आहे. तेल गळत होतं, ते त्यानं भरलंसुद्धा.

नवरा – कोणतं तेल?

वैमानिक – ब्रेकचं. त्याच्याच दुकानातलं. पिवळा डबा होता.

नवरा – तेलाचा रंग?

वैमानिक – डब्याचा पिवळा. तेलाचा... पाण्यासारखा, थोडा पिवळट.

नवरा – तुमच्या विमानाच्या ब्रेकमध्ये लाल तेल लागतं. स्कूटरचं घातलंत म्हणजे आतली रबरं आत्ता, आपण इथं बोलतोय ना, फुगून बसली असतील. उद्या ब्रेक दाबाल तर एक तर लागणार नाही, नाहीतर लागलेला सुटणार नाही.

वैमानिक – धुऊन काढलं तर?

नवरा – धुवायचं, सगळी रबरं बदलायची, पाइप सोडून बघायचे. मावसभावाला नाही येणार ते. मी काही विकत नाही तुम्हाला.

बायको – काय?

नवरा – एक पानासुद्धा नाही. या ताईंच्या हातात पेटी देणं म्हणजे मी स्वतः जाऊन ते विमान पाडण्यासारखं आहे.

बायको – बघा, बघा ताई. या स्वभावापायीच नोकरी गेली यांची. खुद्द मालकाचं विमान अडवून ठेवलं यांनी.

नवरा – ते सांगायची गरज नाही.

बायको – का नाही? आता विकायचंच नाही तर ऐकू देत की. ताई, मोठ्या विमान कंपनीत होते हे. नव्या विमानाचं पहिलं उड्डाण, मालक स्वतः बसणार, फिती लावलेल्या, वाजंत्री आलेली, पाहुणे उन्हात उभे. आणि यांच्या पेटीत एक खळगा रिकामा. दांडीचा आरसा नाही.

नवरा – इंजिनाच्या मागे वाकून बघायला लागतो तो.

बायको – यांनी विमानाला लाल टॅग लावला. मालकाला म्हणाले, खाली उतरा. सगळं विमान उसवलं. सीटा काढल्या, गालिचे काढले, स्वयंपाकघर काढलं. वाजंत्रीवाले झोपले. पाहुण्यांपैकी एका आजोबांना चक्कर आली. आरसा काही मिळेना. शेवटी फोटोवाला म्हणाला, अहो, साहेब मघाशी फोटोआधी केस बघत होते तो कुठला आरसा होता?

वैमानिक – मालकाच्या खिशात?

बायको – कोटाच्या. आतल्या.

वैमानिक – म्हणजे तुम्ही... आरसेवाले?

नवरा – झालं. इथपर्यंत गोष्ट पोचली.

वैमानिक – आमचा मेकॅनिक हा किस्सा दर पार्टीत सांगायचा. मला वाटायचं बनवलाय त्यानं. हसून हसून खाली बसायचो आम्ही.

नवरा – हसा. त्यानंतर तीन ठिकाणी गेलो नोकरीसाठी. तिघांनीही हाच प्रश्न विचारला, तिघांनीही चहा पाजला आणि तिघांनीही पुन्हा फोन केला नाही. अडवणारा माणूस कोणालाच नको असतो. चहा टाक गं. पिऊन जातील त्या.

बायको – टाकते. साखर किती, ताई?

वैमानिक – थांबा ना, काकू. मला पुढचं सांगू द्या. आमच्या मेकॅनिकनं मला एकदाही अडवलं नाही. सकाळी चहाचा कप एका हातात, दुसऱ्या हातानं सही, जा ताई, उडा. मी खूश असायचे. बाकीच्यांची विमानं बसून, माझं आपलं आकाशात. मग गेल्या आठवड्यात उतरताना ब्रेक दाबला, तर पाय खालपर्यंत गेला. नुसता हवेत. धावपट्टी संपली, कुंपण संपलं, थांबले तेव्हा चारी बाजूंनी सूर्यफुलं.

बायको – अगंबाई. लागलं नाही ना?

वैमानिक – नाही. शेताचा मालक धावत आला. म्हणाला, ताई, फवारणी आज फारच जवळून केलीत.

नवरा – आणि मेकॅनिक?

वैमानिक – तो म्हणाला, ब्रेक वापरायची सवयच वाईट. दुसऱ्या दिवशी गोणी उचलून गेला. काका, मला ही हत्यारं नकोत.

बायको – बघा. आता ताईही नको म्हणताहेत.

वैमानिक – ती वापरणारा हवाय. आत्ता, माझ्या गाडीतून. विमान बघायला तरी चला.

नवरा – मी?

वैमानिक – या खोलीत दुसरे कोण आरसेवाले आहेत?

नवरा – तुम्हाला कळत नाहीये. हंगाम आहे तुमचा. शेतकरी फोन करतील, वारा बरोबर असेल, औषध भरून तयार असेल, आणि मी म्हणेन, नाही.

वैमानिक – मी भांडेन.

नवरा – भांडा.

वैमानिक – घसा बसेपर्यंत भांडेन. माझा स्वभाव तसाच आहे.

नवरा – टॅग निघायचा नाही. काम झाल्यावर मीच काढणार. आणि विमानाजवळ यायचं तर खिसे दाखवून यायचं. मालक असलात तरी.

वैमानिक – खिसे शिवून घेते.

बायको – एक मिनिट. तुमचं दोघांचं ठरलंय, माझं नाही ठरलं. ताई, भाव करायला मी बसलेय इथं. माणूस पेटीसकट मिळेल, सुटा मिळणार नाही. पगार खुर्च्यांपेक्षा कमी चालणार नाही. तुमच्या इथं हसायचं तेवढं हसा, पण ‘आरसेवाले’ म्हणायचं नाही कोणी.

वैमानिक – मग काय म्हणायचं?

बायको – मेकॅनिक म्हणायचं. ते आहेत ना तेच.

वैमानिक – कबूल.

नवरा – अगं, पण सोमवारी तुझा भाऊ...

बायको – माझा भाऊ माझ्यावर सोडा. ताईंचं विमान टेकूंवरच उभं ठेवायचंय का? हे घ्या टॅग. पदरात होते.

नवरा – हे लाल आहेत. पुढे लाल जास्त लागणार आहेत, त्या बंडलातलेही दे. तो मोठा पाना घरी राहू दे, तपासून आल्याशिवाय नेणार नाही. पकडसुद्धा काढ.

वैमानिक – मी एक बाजू उचलू?

नवरा – हळू. दाराशी पायरी आहे. ताई, अजून काही मी हो म्हटलेलं नाही हां. आधी विमान बघणार. रबरं बघणार. मावसभावाला तिथंच थांबायला सांगा, त्यानं काय काय उघडलंय ते त्याच्याच तोंडून ऐकायचंय मला.

वैमानिक – तो पळून जाईल.

नवरा – पळाला तर हँगरची चावी घेऊन पळू देऊ नका. चला. अगं, येतो गं.

बायको – या. आणि डबा विसरलात. थांबा, फोन वाजतोय, तो घेते, डबा ओट्यावरून तुम्हीच उचला.

नवरा – घेतला.

बायको – हॅलो. हां, बोल रे. अरे, तुलाच फोन करणार होते मी. सोमवारी नाही येणार ते. नाही, नाही, रागावले नाहीत. तुझ्या खुर्चीबद्दल काही नाही. तब्येत छान आहे. अरे, ऐक तर. कामावर गेलेत.