मंतरलेली गाडी

फल्लाने दवाखान्यात तरी आवाज खाली ठेवायला हवा होता. बात्तामबांग शहरातल्या त्या दवाखान्यात आत सवूनआजीच्या नातवाच्या मोडलेल्या पायाला प्लास्टर घालत होते, आणि चौकड्यांचा पंचा डोक्यावरून ओढून बसलेल्या आजीच्या पुढच्याच बाकावर ही शेजारीण एका अनोळखी बाईला ऐकवत होती.

"एवढी टक्कर झाली, पण माझ्या पोराला, विरकला, साधा ओरखडा नाही, ताई!"

"नशीब म्हणायचं."

"नशीब कसलं? नवी गाडी मोठ्या विहारात नेली होती. भिक्खूंनी पाणी शिंपडलं, गाडीच्या छताला आतून मंत्र लिहून दिला."

"पण तो उलट्या बाजूने आला म्हणे, फोनवर बोलत."

"सगळेच येतात हो."

"आणि तो मोटरसायकलवाला पोरगा?"

"त्याच्या हँडलला नुसता लाल दोरा. आजीला तेवढंच जमलं असेल."

सवूनआजीने पंचा मागे सारला.

"फल्ला, वर्षभर तुझ्या गाडीचा हेवा केला गं मी, खोटं कशाला बोलू? आज तुझ्या पोराच्या धडधाकट पायांचा करतेय. गाडीवर एवढं पाणी शिंपडलंस, त्यातलं थोडं त्याच्या डोळ्यांवर मारायचं होतंस!"