रिकाम्या टाकीचे चार

बसच्या रांगेत पुढे एक आई आणि नोकरीच्या गावी परत निघालेली तिची लेक उभी होती. मागच्या काकूंना त्यांचं बोलणं ऐकायचं नव्हतं, पण कान काही मिटता येत नाहीत.

“पोचलीस की फोन कर. गेल्या खेपेला आठवडाभर चिडीचूप होतीस!”

“अगं, सांगण्यासारखं काही नव्हतंच.”

“बरं. त्या कारखान्यात तू नेमकं करतेस काय, ते तरी सांग.”

“मॉड्यूल म्हणून एक छोटं यंत्र असतं, ते बसवते. टाकी किती भरली ते त्याला तारेतून कळतं. भरली की विजेचे वीस मिलिअँपिअर येतात, रिकामी असली की चार.”

“रिकामीचे चार? शून्य का नाही?”

“शून्य आलं तर तार तुटली म्हणून समजायचं. मग आमची पळापळ.”

“म्हणजे सांगण्यासारखं काही नसलं, तरी टाकी चार पाठवतेच?”

“पाठवतेच.”

“टाकी गुणाची गं बाई!”

“आई...”

“चढ आता, बस लागली.”

काकूंना लेकीच्या मागचीच जागा मिळाली. बस हलली, तसा खाली आईचा फोन वाजला. ती पिशवीत चाचपडू लागली.

“उचलू नकोस!” लेक खिडकीतून चार बोटं नाचवत ओरडली.

“मिळाले गं! चारही मिळाले!”