आमदारांच्या मुलीची परीक्षा

अठरा एप्रिल, ऊन कडक, वारा अजिबात नाही. त्या दिवशीचं सांगतो. आमचे आमदार फौजेतून निवृत्त झालेले. अहेरीकडून परतताना ते शेजारच्या शकुनबाईंच्या अंगणात थांबले. बाईंची मुलगी प्रणाली फौजेच्या भरतीला जायचं म्हणत होती आणि बाई पाठवायला तयार नव्हत्या. मोहफुलं वाळत होती, आम्ही चहा घेत होतो.

आमदार म्हणाले, "प्रत्येक घरातून एकानं देशसेवा करावी, असा कायदाच हवा. मी विधानसभेतही हेच बोललो. कर्तव्य घरापासून सुरू होतं, बाई."

"दुसऱ्याच्या पोरीले पाठवाले कोणाचं काय जाते? तुमचे लेकरं कुठी हायेत?"

"माझी मुलगी फौजेतच आहे."

"लावा तिले फोन."

आमदारांनी लावला. कोणी उचलला नाही.

"पाहा," बाई मला म्हणाल्या, "नेतेच हे."

चहा संपता संपता तिकडून फोन आला. आमदारांनी स्पीकर सुरू केला. मुलगी बोलली, तरी बाईंचा संशय जाईना. कोणालाही पढवून ठेवता येतं. त्यांनी फोन हातात घेतला.

"तुहा बाप घरी काय काम करते वं?"

"काहीच नाही, मावशी. चहा पिऊन कपसुद्धा उचलत नाहीत. आई रोज ओरडते."

बाईंनी फोन परत दिला. "पोरगी खरी हाय. पढवलेली असती तं बापाची तारीफ केली असती."

आमदारांनी आपला कप उचलून मोरीत नेऊन ठेवला.

बाईंनी मग अडवलं नाही, प्रणाली भरतीला गेली. धावण्यात पास झाली, उंचीत एक सेंटीमीटर कमी भरली.