साहेब येणार, पापड घाला

खोपटच्या डेपोत, बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या.

“विनिता, मी आठ दिवस माहेरी काय गेले, बिल्डिंगमधल्या सगळ्या तुमच्या घरावर चिडल्यात!”

“सासूबाईंवर चिडा ना, माझ्यावर कशाला? प्रदूषणवाले साहेब येणार हे समोरच्या कंपनीला आधीच कळतं, मग आदल्या रात्रीच बॉयलर बंद.”

“माहितीये गं. तुझा नवरा तिथे कामाला, म्हणून तू ग्रुपवर टाकतेस, उद्या धूर नाही, पापड घाला.”

“तेच टाकलेलं. सगळ्या गच्च्यांवर पापड, गॅलऱ्यांत पांढऱ्या चादरी. साहेब कंपनीच्या गेटवर उतरले आणि वरच बघत राहिले.”

“मग?”

“सरळ आमच्या गच्चीवर आले. सासूबाईंना विचारलं, आजी, आजच सगळ्यांचे पापड कसे?”

“आणि त्या बोलल्या?”

“बोलल्या? आधी त्यांच्या हातावर पापडाची लाटी ठेवली. मग म्हणाल्या, तुझीच कृपा रे बाबा! तू येतोस त्याच दिवशी काजळी पडत नाही. दर आठवड्याला येत जा.”

“अगं आई गं!”

“कंपनीला नोटीस लागली. आमचे हे आईशी बोलत नाहीयेत.”

“बरंच झालं की! कंपनी सुधारेल.”

“कसली सुधारतेय! बॉयलर परत चालू. पण साहेब म्हणाले, पुढच्या वेळी न सांगता येणार.”

“न सांगता? मग आदल्या रात्री बॉयलर कोण बंद करणार? अगं, मी काल कुरडयांचे गहू भिजत घातलेत! साहेबांचा नंबर आहे का गं सासूबाईंकडे?”