गाणं तोडायला कुणी नव्हतं

बुधवार, सव्वीस फेब्रुवारी २००३, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. ही वेळ आधी सांगून ठेवते, म्हणजे गोड बोलण्याच्या नादात राहून जायची नाही.

आता रीतीप्रमाणे. सन्माननीय अध्यक्ष, आपले नगराध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाद्रीसाहेब, आजचे सत्कारमूर्ती, आपल्या रेडिओ केंद्राचे मावळते व्यवस्थापक श्री. कर्टिस होलब्रुक, आणि डॉगवूड फोर्कच्या माझ्या गावकऱ्यांनो.

होलब्रुकसाहेब बढतीवर लुईव्हिलला चालले आहेत. "मिस इमोजेन, तुमची हयात माइकपुढे गेली, केंद्राच्या इतिहासावर चार शब्द बोला, पण हलकंफुलकं," असा मला निरोप आला. इतिहास सांगते. हलका किती निघेल ते माझ्या हातात नाही.

हे केंद्र ऑर्व्हिल टॅकेट यांनी आपल्या बी-बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर काढलं. खाली मक्याचं बियाणं, वर फिडल आणि बँजो. डोंगरातले गाणारे शनिवारी यायचे. एकजण शिकारी कुत्रा बरोबर आणायचा आणि सूर लागला की कुत्रा रडायचा. "गाणाऱ्यापेक्षा कुत्रा बरा," असं लोक कळवायचे. सकाळी आधी मयतांची नावं, मग हरवलेली खेचरं, मग गाणी. ऑर्व्हिलकाकांचा नियम एकच: चालू गाणं मध्येच तोडायचं नाही. गव्हर्नर दारात उभा राहिला तरी नाही. तोडायचं ते फक्त जिवावर बेतलं तर.

एकदा एका नव्या निवेदकानं आपल्या शाळेचा संघ जिंकला म्हणून गाणं तोडलं. त्यानं तोंड उघडेपर्यंत, पूर आला समजून, ओढ्याकाठची घरं रिकामी. माणसं गोधड्या आणि कोंबड्या घेऊन टेकडी चढत होती. "अहो, आपण जिंकलोय," असं तो सांगत राहिला, पण ऐकायला घरात कोण होतं? काकांनी त्याला दारोदार माफी मागायला पाठवलं. आपण हसता आहात, हसा. पण त्या दिवशी टेकडीवर धापा टाकत पोचलेल्यांत एक नवी नवरी होती, वर्लीन स्टॅम्पर. गावच्या धोक्याच्या भोंग्याचं म्हणाल तर तो रोज दुपारी वाजतो, गवत पेटलं की वाजतो, वरातीतसुद्धा वाजतो. त्याला इथली मांजरंही भीत नाहीत.

गेल्या पानगळीत होलब्रुकसाहेबांनी माडीला कुलूप घातलं. मला निरोपाचा केक दिला. केक चांगला होता. तेव्हापासून गाणी दूरच्या शहरातल्या यंत्रातून येतात. "खोलीत आता माणूस नसतो, एवढं तरी गावाला सांगा," असं मी म्हटलं. साहेब म्हणाले, "कशाला? लोकांना फरक कळणारसुद्धा नाही."

अगदी खरं निघालं. नाहीच कळला.

त्या बुधवारी ओढा चढला. भोंगा वाजला. वर्लीनच्या नणंदबाई ओपल टेकडीवर राहतात, त्यांनी फोन केला. त्या इथेच पुढे बसल्या आहेत, चुकलं तर मला टोकतील.

"वर्लीन, पाणी तुझ्या अंगणात दिसतंय. निघ."

"निघते गं. रेडिओ लावलाय ना. गाणं चाललंय अजून."

"गाणं मरू दे."

"काही असतं तर तोडलं असतं त्यांनी. तू उगाच घाबरतेस, तुझ्या आईसारखी."

ते गाणं पूर्ण झालं. मग दुसरं लागलं. चार वाजून दहा मिनिटांनी फोन बंद पडला. वर्लीनचे यजमान हार्लन कामावरून आले तेव्हा स्वयंपाकघर ओढ्यात होतं आणि वर्लीन दुसऱ्या दिवशी पुलाखाली सापडली.

यानंतर केंद्रानं पत्रक काढलं. "भोंगा वाजूनही मृत महिलेने दुर्लक्ष केले." आता हार्लन वाणसामान आणायला गेले की पाठीमागे कुजबुज होते, बाई हट्टी होती म्हणून. परवा एकानं तोंडावर विचारलं, "हार्लन, वहिनींना कमी ऐकू यायचं का रे?"  ते पिशवी तिथेच ठेवून घरी आले.

वर्लीनला उत्तम ऐकू यायचं, होलब्रुकसाहेब. तुमच्या केंद्रानं जे शिकवलं ते ती शेवटपर्यंत ऐकत बसली.

मी नन्सच्या शाळेत शिकले. सिस्टर बर्नार्डा म्हणायच्या, वाक्यात कर्ता लपवणारी मुलगी कपाटात आणखीही काही लपवते. तुमच्या पत्रकात पुढे आहे, "सूचना प्रसारित होऊ शकली नाही." कोणाकडून? मला एक वाक्य हवं आहे, कर्त्यासकट, तुमच्या सहीनं: खोली आम्ही रिकामी केली, गावाला सांगितलं नाही, आणि वर्लीन स्टॅम्पर यांचा दोष नव्हता.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. सत्काराच्या दिवशी कडू बोलले. रीत मोडली असेल तर वडीलधाऱ्यांनी पोटात घालावी.

साहेब, उत्तर येत्या शुक्रवारी दुपारी बाराच्या आत, लेखी. टपालानं नको, हार्लनची टपालपेटी वाहून गेली. स्वतः नेऊन द्या. दार वाजवावं लागणार नाही. दाराच्या जागी अजून ताडपत्रीच आहे.